पेढीच्या सर्व्हरवर रात्रभर कुणीतरी पासवर्ड मारतंय

सूत_वही:
राम राम मंडळी. इचलकरंजीत सुताच्या पेढीवर हिशेब बघतो. सात कॉम्प्युटर, टॅलीचा एक सर्व्हर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, एवढाच पसारा. मालकांना रात्री घरून टॅली बघायची असते, म्हणून केबलवाल्या पोरानं राऊटरमधून ३३८९ पोर्ट (दूरून कॉम्प्युटर चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा) थेट सर्व्हरला जोडून दिला. स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, होताच. दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

सोमवारी सकाळी माझंच लॉगिन लॉक. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला तर ४६२५, ४६२५, ४६२५... खाली सरकवून बोट दुखलं. शनिवारी रात्री पेढीला कुलूप, आणि आत पहाटेपर्यंत अ‍ॅडमिन, टेस्ट, अकाउंट्स, अगदी 'टॅली' अशी नावं टाकून प्रयत्न चाललेत. पोरगा म्हणतो, "काका, पोर्टचा नंबर बदलून देतो, विषय संपला." मला पटेना. खर्चाचं नाव काढलं की मालक सुताचा पडलेला भाव ऐकवतात, तेव्हा स्वस्तातलं सांगा.

जुनी_वायर:
आधी उठून ते फॉरवर्डिंग, म्हणजे राऊटरमधली ती थेट जोडणी, काढा, उरलेलं मग वाचा. मालकांना दोन रात्री आकडे फोनवर सांगा.

नंबर बदलून काही होत नाही ओ. पोर्ट सगळे मिळून ६५,५३५. चाचपत फिरणारी यंत्रं आज ना उद्या तिथं पोचतात आणि उत्तरावरूनच ओळखतात की आत रिमोट डेस्कटॉप आहे.

४६२५ म्हणजे फसलेला प्रयत्न. तुम्ही ४६२४ शोधा, तो जमलेला. लॉगऑन टाइप ३ किंवा १० (नेटवर्कवरून किंवा रिमोट डेस्कटॉपनं आलेला) आणि पत्ता बाहेरचा दिसला, तर सर्व्हरची नेटची वायर ओढा आणि मगच मालकांना फोन करा.

रस्ता म्हणाल तर वायरगार्ड, म्हणजे फोन ते पेढी असा कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन टनेल). मायक्रोटिक कंपनीचा, त्यांची राऊटरओएस ७ प्रणाली चालणारा छोटा राऊटर-डबा तुम्हाला पुरे. मालकांच्या फोनवर क्यूआर स्कॅन केला की किल्ली बसली. यूडीपीचा (डेटा पाठवायची एक पद्धत) एक पोर्ट उघडा राहतो खरा, पण किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. टनेलमधून फक्त सर्व्हरचा ३३८९ द्या, अख्खं नेटवर्क नको. फोन हरवला तर तेवढीच किल्ली काढायची.

मीनल_सांगली:
काका, डीव्हीआर विसरू नका. २०१६ मधलं मिराई नावाचं मालवेअर (व्हायरससारखा घातक प्रोग्रॅम) असल्याच कॅमेरे-डीव्हीआरमधून पसरलं, कारण कंपनीचा मूळ पासवर्ड लोकांनी बदललेलाच नव्हता. राऊटरमध्ये यूपीएनपी चालू असेल तर डीव्हीआर आपणहून पोर्ट उघडून घेतो.

आणि बॅकअपची डिस्क, काम झालं की काढून कपाटात. माझ्या आधीच्या ऑफिसात ती कायम सर्व्हरलाच लटकलेली. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आलं तेव्हा डेटा आणि बॅकअप दोन्ही एकाच रात्री गेले. तीन आठवडे बिलं हातानं पुन्हा चढवली. मी.

सूत_वही:
फॉरवर्डिंग काढलं. ४६२४ मध्ये एक बाहेरचा पत्ता सापडला, रात्री पावणेबाराचा. पोटात गोळाच आला. वायर ओढली, मालकांना फोन लावला. ते त्या रात्री सुरतेला होते, लॉजच्या वायफायवरून टॅली उघडलेली. वर मलाच म्हणाले, "मग काय, झोपू का नुसता?"

मीनलताई, यूपीएनपी चालूच होतं. डीव्हीआरनं दोन पोर्ट उघडून ठेवलेले. बंद केलं.

डबा बसवला, पण एक अडतंय. मालकांच्या मोबाइल डेटावर सर्व्हर लगेच लागतो, घरच्या वायफायवर मात्र टनेल जोडलेला दाखवतो आणि सर्व्हर सापडत नाही.

जुनी_वायर:
घर आणि पेढी, दोन्हीकडचे पत्ते १९२.१६८.१ नं सुरू होत असणार. फोन बिचारा सर्व्हरला घरातच शोधत बसतो. पेढीचा पत्त्यांचा पट्टा बदलून १९२.१६८.५७ करा आणि वायरगार्डमध्येही तोच टाका.

सूत_वही:
तेच होतं! पट्टा बदलला, घरून चालू झालं. फक्त प्रिंटरला हातानं दिलेला जुना पत्ता तसाच राहिलेला. दुपारी सुताची गाडी दारात उभी आणि ई-वे बिल छापून येईना. ड्रायव्हर दोन चहा पिऊन गेला.

पोरगा आता नवीन राऊटरचा पासवर्ड मागतोय, "लागला तर असावा" म्हणून. अजून दिला नाही.