मदत हवी आहे: फोन झटकून पावतीचा फोटो टॅबवर पाठवायचाय, पण नको तेव्हाच जातो

तुर्भे_नाका: मंडळी, अँड्रॉइडवाल्यांनी जरा लक्ष द्या. काकांचा वाशीला एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळा आहे, कॉलेज सुटलं की मी ऐरोलीहून तिकडेच असतो. गाडी लागली की बाहेरचा पोरगा काट्याची पावती नि बिल्टीचे (ट्रकच्या मालाच्या पावतीचे) फोटो काढतो आणि ते आत मेहताजींच्या टॅबवर पाठवायचे असतात. आता हाताला कांद्याची सालं नि धूळ, दुसऱ्या हातात पावत्यांचा गठ्ठा, त्यात शेअर दाबा मग नाव शोधा मग सेंड, कोण करणार? व्हॉट्सअ‍ॅप आहे, पण गाळ्यात आत गेलं की नेटची बोंब.

म्हणून कॉटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत अ‍ॅप लिहिलंय. फोटो काढला की फोन झटकायचा, नियरबाय कनेक्शन्सवरून (जवळची उपकरणं थेट जोडणारी गूगलची सोय) इंटरनेटशिवाय फोटो टॅबवर. घरी झकास चालतं. मार्केटला मात्र फोन खिशात टाकताना जातो, हातगाडीचा धक्का लागला तरी जातो, आणि घरी येताना रबाळ्याला लोकलने ब्रेक मारला की खिशात फोन थरथरतो, "पाठवण्यासाठी रांगेत". काय पाठवतोय देव जाणे.

आत्ता लिनिअर अ‍ॅक्सिलरेशन घेतोय आणि तिन्ही अक्षांचं मिळून मॅग्निट्यूड (हालचालीचा एकूण जोर) १२ च्या वर गेलं की ट्रिगर. १८ करून बघितलं तर पोरगा म्हणतो दादा मनगट उतरेल.

अजून एक, टॅब दोन आहेत, एक हिशोबाचा एक कॅशचा. ज्या टॅबच्या दिशेने झटकू त्यावरच फोटो जावा असं करता येईल का? कंपास लावून पाहिला, तो गाळ्यात भलतीकडेच उत्तर दिशा दाखवतो. आणि स्क्रीन बंद झाली की झटकून काहीच होत नाही, ते का?

घणसोलीकर: आकडा वरखाली करत बसू नकोस, त्याने काही होणार नाही. मॅग्निट्यूडला फक्त जोर कळतो, धक्का हातगाडीचा की मनगटाचा हे कळत नाही. जायरो घे, म्हणजे फोन किती वेगाने फिरतोय ते मोजणारा सेन्सर. हातगाडी किंवा लोकलचा हिसका फोनला ढकलतो, फिरवत मात्र फारसा नाही. मनगट पिळलं की फोन स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती म्हणजे वाय अक्षाभोवती गर्रकन फिरतो, सरळ धक्क्यात हे सहसा घडत नाही. तेव्हा झटकणं सोड, पिळणं ठेव, आणि एकदा नाही दोनदा. जायरोचा वाय एकदा अधिक मग उणे मग परत अधिक मग उणे, आणि हे सगळं साधारण सेकंदाच्या आत, तरच ट्रिगर. मोटोरोलाच्या फोनमध्ये दोनदा मनगट फिरवलं की कॅमेरा उघडतो ना, तसंच.

सेन्सरचा वेग गेमवाला ठेव, २० मिलिसेकंदांचा. नॉर्मलला २०० असतात, त्यात अर्धं पिळणं निसटून जाईल. फिरण्याचा वेग किती रेडियनला पकडायचा ते माझ्याकडून घेऊ नकोस, त्या पोराच्याच हातात फोन देऊन लॉग काढ, तुझा हात नि त्याचा हात सारखा नाही.

नेरूळची_ताई: दिशेचं स्वप्न सोडून दे रे बाबा. गाळ्याला लोखंडी शटर, बाहेर लोखंडी काटा, शेजारी ट्रक, मॅग्नेटोमीटर (कंपासचा चुंबकी सेन्सर) बिचारा काय करणार. गेम रोटेशन व्हेक्टर म्हणून एक सेन्सर आहे, तो चुंबकाला विचारतच नाही, पण मग त्याला उत्तर दिशाही माहीत नसते, फोन आधीपेक्षा किती वळला एवढंच सांगतो. आणि दिशा बरोबर आली तरी फोन स्वतः गाळ्यात कुठे उभा आहे हे त्याला कोण सांगणार? त्याला यूडब्ल्यूबी (जवळच्या उपकरणाचं अंतर नि दिशा मोजणारा रेडिओ) लागतं, ते स्वस्तातल्या फोनात नसतं.

उजवीकडून पिळायला सुरुवात केली तर हिशोब, डावीकडून केली तर कॅश, असं कर ना. वाय अक्षाचं पहिलं चिन्ह बघायचं, बस.

जाता जाता, २००९ मध्ये बम्प नावाचं अ‍ॅप आलं होतं, दोन फोन एकमेकांवर आपटले की कॉन्टॅक्ट इकडून तिकडे. लोकांना वाटायचं फोन एकमेकांशी बोलतात. खरं तर दोन्ही फोन आपटल्याची वेळ नि जागा सर्व्हरला कळवायचे आणि जोडी तिकडे लागायची. २०१३ ला गूगलने ते विकत घेतलं आणि २०१४ च्या सुरुवातीला बंदही केलं. तुझ्याकडे नेटच नाही म्हणजे तो रस्ता तसाही नाही.

मुंब्रा_बायपास: सगळे हातवाऱ्यावरच बोलतायत. पिळल्यावर कनेक्शन जोडायला घेतोस का? तसं असेल तर शोधाशोधीतच वेळ जाणार. सकाळी शटर उघडलं की नियरबायच्या पीटूपी क्लस्टर पद्धतीत फोन दोन्ही टॅबना जोडून घे (स्टार पद्धतीत फोन एकाच टॅबला जोडता येतो), ओळखायला प्रत्येक टॅबला वेगळं नाव दे, आणि जोडलं की डिस्कव्हरी म्हणजे शोध बंद कर, नाहीतर रेडिओ तिथेच अडकून राहतो. पिळण्याचं काम फक्त "हो, पाठव" म्हणायचं.

दोन्ही बाजूंना येणारे ऑथेंटिकेशनचे आकडे मेहताजींना जुळवून बघू दे, कोडमध्ये आपोआप अ‍ॅक्सेप्ट करू नकोस. शेजारच्या गाळ्यातल्याने असंच काही बसवलं तर तुमच्या बिल्ट्या त्याच्याकडे जातील, मग काकांना सांग तू.

स्क्रीनचं म्हणशील तर अँड्रॉइड ९ पासून मागे गेलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सिलरोमीटर-जायरो मिळत नाहीत, फोरग्राउंड सर्व्हिस (सूचना दाखवत चालू राहणारी सेवा) लावावी लागते. पण मला सांग, स्क्रीन बंद असताना तुला ट्रिगर हवाच कशाला? फोटो काढल्यावर प्रिव्ह्यू दिसतोय तेवढ्यापुरताच सेन्सर ऐक, प्रिव्ह्यू गेला की लिसनर (सेन्सर ऐकणारा कोड) काढून टाक. खिसा, लोकल, रांग, सगळ्या भानगडी तिथेच मिटतात, बॅटरीही वाचते.

तुर्भे_नाका: प्रिव्ह्यूचं सुचलंच नव्हतं, भाई जबरदस्त! ते केलं आणि लोकलमधली थरथर थांबली. पिळणंही बसवलं, मार्केटमध्ये हातगाडी घासून गेली तरी फोन गप्प. मेहताजींचं म्हणणं फोटो पोचला की पोराच्या फोनला कंप यायला हवा, नाहीतर तो दर वेळी आत विचारायला येतो, ते ट्रान्सफर अपडेटमध्ये सक्सेस आलं की लावलंय.

एकच राहिलं, बदली पोरगा डावरा आहे. तो सहज पिळतो ते नेमकं उलटीकडून, हिशोबाच्या पावत्या सगळ्या कॅशवर.

नेरूळची_ताई: सेटिंगमध्ये डावा हात-उजवा हात असं बटण दे आणि डावा असेल तर चिन्ह उलटं कर. शिवाय पाठवण्याआधी स्क्रीनभर रंग दाखव, हिशोबाला हिरवा, कॅशला भगवा, दोन सेकंद, तेवढ्यात फोन पालथा केला की रद्द. पालथा झालाय का ते ग्रॅव्हिटी सेन्सरच्या झेड अक्षावरून कळतं, तो उणे ९.८ च्या आसपास जातो.