मदत हवी आहे : नीटची तयारी करणाऱ्या भाच्याची झोप

सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझा भाचा नीटच्या तयारीसाठी आमच्याकडे असून भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये शिकतो. गेले काही महिने त्याला पहाटेपर्यंत झोप लागत नाही आणि सकाळच्या वर्गात डोळे मिटतात. आदल्या रात्री पाठ केलेले जीवशास्त्र दुसऱ्या दिवशी आठवत नाही, म्हणून तो आणखी जागतो, आणि हे चक्र मला फार काळजीचे वाटते.

दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेतच होते, १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि संध्याकाळच्या चहा-कॉफीचा अंमल कित्येक तास टिकतो, हे मी त्याला समजावले आहे. या वयात शरीराचे घड्याळच उशिरा सरकते, त्यामुळे केवळ रागावून उपयोग नाही, असे माझे मत आहे. परीक्षा दुपारी २ वाजता असते, नेमकी त्याच वेळी त्याला ग्लानी येते.

आपल्यापैकी कोणाच्या मुलांनी अशी बिघडलेली वेळ हळूहळू पूर्ववत केली असल्यास ती कशी केली, हे कृपया सविस्तर लिहावे. झोपेच्या गोळ्यांऐवजी निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती वापरणारे, शक्यतो मराठी बोलणारे तज्ज्ञ इंदुरात कोठे भेटतील?