मदत हवी आहे: लाइन तुटली की पोस्टग्रेसचा स्टँडबाय कायमचा मागे पडतो

नमस्कार मंडळी. मुख्य सर्व्हर रत्नागिरीत, त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत, म्हणजे स्टँडबाय, पुण्यात, दोन्हीकडे पोस्टग्रेस १५ (डेटाबेस सॉफ्टवेअर). डेटाबेस १८० जीबी, रोजचा वॉल (बदलांची नोंद, जी स्टँडबायकडे जाते) साधारण ६ जीबी, लाइन २० एमबीपीएस. पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली की दोन-चार दिवस जातात, आणि मोबाइल नेटवर्कचा भरवसा नाही.

स्लॉट (स्टँडबायने वाचेपर्यंत वॉल राखून ठेवणारी सोय) वापरतो, पण त्याला मर्यादा नसेल तर वॉल साठून मुख्य सर्व्हरचीच डिस्क भरते आणि काम ठप्प होतं. म्हणून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ २० जीबी ठेवलं. ते ओलांडलं की स्लॉट 'लॉस्ट' होतो, म्हणजे स्टँडबायला लागणारा वॉल पुसला जातो. मग पीजी_बेसबॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) नव्याने: लाइन अखंड राहिली तरी २० तास, आणि मध्ये तुटली की पुन्हा पहिल्यापासून. हे खरं दुखणं.

वॉल_कॉम्प्रेशन एलझेड४ केलंय, चेकपॉइंट (बदल डेटा फाइल्समध्ये उतरवण्याचा टप्पा) ३० मिनिटांवर नेलाय. आर्काइव्ह_टाइमआउट ६० सेकंद होता, म्हणजे जरा हालचाल असली तरी दर मिनिटाला १६ एमबीची फाइल, तो काढला. डिस्क वाढवणं हा उपाय नको, मर्यादा कुठेतरी येणारच.

आता वॉल रत्नागिरीतच वेगळ्या डिस्कवर आर्काइव्ह करून स्टँडबायने रिस्टोअर_कमांडमधून (आर्काइव्हमधला वॉल आणणारी सेटिंग) आरसिंकने (फाइल कॉपी करणारं साधन) ओढायचा विचार आहे. क्लाउड चालणार नाही, करारात मनाई आहे. स्टँडबाय एक दिवस मागे असला तरी चालेल.

अशा रचनेत स्लॉट ठेवून 'लॉस्ट' झाल्यावर काढून नवा करावा, की स्लॉटच नको, फक्त आर्काइव्ह आणि वॉल_कीप_साइझ (स्लॉटशिवाय ठरावीक वॉल राखणारी सेटिंग) पुरेल? आणि आर्काइव्हमधल्या जुन्या फाइल्स स्टँडबायने वाचल्याची खात्री करून कशा पुसता?