रात्रशाळेसाठी पाठटाचण (तासाचा लेखी आराखडा) कसं काढायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अध्यापन पद्धती मराठी आणि इतिहास. २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झाला, त्यात आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, २० आठवड्यांची. पैकी १६ या वर्षी. मला मिळाली रात्रशाळा.

दहावीच्या वर्गात पहिल्याच बाकावर चाळिशीतल्या ताई, दिवसभर पोळ्या लाटून आलेल्या. मी सवयीने "मुलांनो, हे चित्र कशाचं?" विचारलं आणि अख्खा वर्ग हसला. (मीही.) आमच्या टाचणाचा साचा पंधरा वर्षांच्या पोरांसाठीच बेतलेला.

रात्रशाळेत किंवा साक्षरता वर्गावर कुणी शिकवलंय का? प्रस्तावना कशी करता? गृहपाठाऐवजी काय देता? निरीक्षक मॅडमना मात्र सगळे रकाने भरलेले लागतात. जुन्या टाचणाचा फोटोही चालेल. सोमवारी पाठ आहे!