मूळ चित्र ८ बिटचे, मग ॲनिमेच्या फाइली १० बिटमध्ये का? आणि त्या टीव्हीवर का चालत नाहीत?

रात्रपाळी यांचा प्रश्न:

नमस्कार. मामेभावाने त्याची जुनी हार्ड डिस्क मला दिली असून तिच्यात साधारण २०११ ते २०१४ या काळातल्या, चाहत्यांच्या गटांनी सबटायटल बसवून आपापसांत वाटलेल्या ॲनिमे मालिका आहेत. जवळपास सगळ्या फाइली एमकेव्ही, म्हणजे चित्र, ध्वनी आणि सबटायटल एकत्र ठेवणाऱ्या प्रकारच्या, आहेत. संगणकावर त्या उत्तम चालतात, परंतु पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावल्या की बऱ्याच फाइलींचा आवाज ऐकू येतो आणि पडदा काळाच राहतो. एका फाइलीत तर चित्राऐवजी हिरवे-गुलाबी ठोकळे दिसले. त्याच डिस्कवरच्या इतर काही फाइली मात्र विनातक्रार चालतात. फाइलीची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये पाहिले असता, न चालणाऱ्या प्रत्येक फाइलीपुढे एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याचे मानक), ‘हाय १०’ प्रोफाइल (त्या मानकाचा १० बिटचा प्रकार) आणि १० बिट अशी नोंद सापडली.

माझ्या माहितीप्रमाणे साध्या ब्लू-रे डिस्कवरचे चित्र ८ बिटचे असते आणि माझा पडदाही ८ बिटचाच आहे. असे असताना मधल्यामध्ये १० बिट करून या मंडळींनी नेमके काय साधले? शिवाय २४ मिनिटांच्या भागात नुसत्या ध्वनीनेच दीडशे एमबीहून अधिक जागा खाल्ली आहे, तेही कळले नाही.

चौकट_२४ यांचे उत्तर:

आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर ॲनिमेच्या चित्राच्या घडणीतच आहे. चित्रीकरण केलेल्या दृश्यात कॅमेऱ्याचा बारीक दाणा सर्वत्र पसरलेला असतो. ॲनिमेत मात्र एकरंगी सपाट भाग आणि त्यांच्यामागे हळूहळू बदलत जाणाऱ्या छटा, म्हणजे संध्याकाळचे आकाश, दिव्याभोवतीची प्रभा, धुके, अशा गोष्टी फार असतात. या छटाच खरा त्रास देतात.

एक उदाहरण आकडे मांडून पाहू. ८ बिटच्या व्हिडिओत प्रकाशमानाच्या १६ ते २३५ अशा २२० पातळ्या वापरल्या जातात. रात्रीचे आकाश पडद्याच्या एका कडेला ४० आणि दुसऱ्या कडेला ६० या पातळीवर असेल, तर १९२० पिक्सेलच्या रुंदीत जेमतेम वीस टप्पे मिळतात, म्हणजे एकेक पट्टा सुमारे ९६ पिक्सेल रुंद होतो आणि अंधाऱ्या खोलीत तो डोळ्यांना स्पष्ट दिसतो. यालाच बँडिंग म्हणतात. ते लपवण्यासाठी चित्रात मुद्दाम अतिसूक्ष्म नॉइज मिसळतात, ज्याला डिदर म्हणतात, आणि त्यामुळे पट्ट्यांच्या कडा विरून जातात. अडचण अशी की एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला, हा नॉइज फार महाग पडतो. ब्लू-रेवर व्हिडिओसाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असल्याने तिथे तो टिकतो. पण भागाची फाइल काही शे एमबीत बसवायची म्हटली की एन्कोडर पहिल्यांदा हा नॉइजच पुसून टाकतो आणि खालचे पट्टे पुन्हा उघडे पडतात.

१० बिटमध्ये पातळ्या चौपट असल्याने त्याच आकाशाला वीसऐवजी ऐंशी टप्पे मिळतात, त्यामुळे छटेचा उतार नॉइजच्या आधाराशिवायच साठवता येतो. पुढे आपल्या ८ बिटच्या पडद्यासाठी लागणारा डिदर प्लेअर त्या क्षणी घालतो, आणि त्याचा भार फाइलीवर पडत नाही. यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे एन्कोडरचे आतले गणित अधिक अचूकतेने चालल्यामुळे एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधताना साचत जाणारी पूर्णांकनाची चूक कमी होते. दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, अशी की हे गट डिस्कवरचे चित्र जसेच्या तसे वापरत नसत. एव्हीआयसिंथसारख्या, व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या साधनांतून ते १६ बिटच्या अचूकतेने आधीचे पट्टे घालवत, आणि इतके करून निकाल ८ बिटमध्ये कोंबायचा म्हणजे निम्मी मेहनत वाया घालवण्यासारखे होते. तेव्हा ‘मूळ ८ बिटचे आहे’ हे विधान खरे असले तरी, एन्कोडरच्या हाती पडणारे चित्र बहुधा ८ बिटचे राहिलेले नसे.

टीव्हीचे कारण सरळ आहे. टीव्हीमध्ये व्हिडिओ उलगडण्याचे काम ठरावीक सर्किट करते. एच.२६४ हे मानक २००३ साली आले. ब्लू-रेने आणि एच.२६४ वापरणाऱ्या प्रसारणांनी घराघरात पोहोचवलेले त्याचे रूप ८ बिटचेच होते, त्यामुळे चिप बनवणाऱ्यांना हाय १० साठी जागा खर्च करण्याचे कारणच नव्हते. ध्वनीचा डीकोडर (उलगडणारा भाग) वेगळा असल्याने तो आपले काम चोख करतो, म्हणून आवाज येतो आणि चित्र येत नाही.

जुनी_तबकडी यांचे उत्तर:

वरचे तांत्रिक विवेचन मला मान्य आहे, पण त्या निर्णयाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, डिव्हएक्स ३.११ आणि पुढे एक्सव्हिड या व्हिडिओ दाबण्याच्या जुन्या साधनांच्या काळात, भागाचा आकार बघणाऱ्याच्या सोयीवरून ठरत असे: १७५ एमबीचा भाग म्हणजे ७०० एमबीच्या सीडीवर बरोबर चार भाग, आणि २३३ एमबीचा असेल तर तीन. फाइल एव्हीआय, सबटायटल चित्रातच भाजलेली (म्हणजे चित्राचाच भाग झालेली), आणि डिव्हएक्सचा शिक्का असलेल्या घरगुती डीव्हीडी प्लेअरवर ती सहसा चालून जाई. चित्र आजच्या मानाने धूसर होते, हे उघडच आहे.

पुढे एमकेव्ही आले, एच.२६४ मध्ये एन्कोड करणारे एक्स२६४ आले, आणि निर्णयाची सूत्रे हळूहळू एन्कोड करणाऱ्यांच्या हाती गेली. एक्स२६४ मध्ये १० बिटची सोय झाल्यावर २०११ च्या सुमारास एकामागून एक गट हाय १० कडे वळले, तेव्हा ज्यांची भिस्त ग्राफिक्स कार्डाच्या डीकोडरवर किंवा टीव्हीला जोडलेल्या मीडिया प्लेअरवर होती त्यांची पंचाईत झाली आणि त्यावरून कडाक्याचे वादही झाले. काही गटांनी बरीच वर्षे ८ बिटची वेगळी प्रत देणे चालू ठेवले. आपल्या डिस्कवर टीव्हीवर चालणाऱ्या ज्या फाइली आहेत, त्या बहुधा अशाच असतील. माझे मत विचाराल तर, आकाशातले पट्टे घालवण्यासाठी दिवाणखान्यातला प्रेक्षक घालवणे हा सौदा त्या काळी तरी महागाचा होता; पण फुकट काम करणाऱ्याने स्वतःच्या नजरेला पटेल तेच करावे, हेही मी नाकारू शकत नाही.

पुढे बाजार मात्र त्यांच्याच दिशेने गेला. एच.२६४ नंतरचे एचईव्हीसीचे मानक २०१३ मध्ये आले, एचडीआरला (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राला) १० बिट लागत असल्याने त्याचे मेन १० प्रोफाइल ४के टीव्हींमध्ये सर्रास आले, आणि त्याहून नव्या एव्ही१ या मानकाच्या तर मूळ मेन प्रोफाइलमध्येच ८ आणि १० बिट दोन्ही आहेत. हाय १० मात्र अधांतरी राहिले.

ध्वनीबाबत थोडक्यात सांगतो. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ ध्वनी न दाबता ठेवल्यास सेकंदाला १५३६ किलोबिट होतात, म्हणजे २४ मिनिटांना सुमारे २७६ एमबी; फ्लॅक हे ध्वनीचे स्वरूप त्यातला एकही नमुना न गमावता साधारण अर्ध्या ते दोन तृतीयांशावर आणतो, आणि आपला दीडशेचा आकडा तिथूनच आला. तोच ध्वनी ओपसमध्ये, म्हणजे काही तपशील टाकून दाबणाऱ्या स्वरूपात, १२८ किलोबिटला २३ एमबीत मावतो, आणि संवादप्रधान मालिकेत फरक ओळखून दाखवणारा श्रोता मला अजून भेटलेला नाही. संग्रहासाठी फ्लॅक ठेवणे समजू शकते, पण ज्या फाइलीचे चित्र आधीच दाबून लहान केले आहे तिच्यात तो ठेवणे हा निव्वळ हौसेचा भाग आहे.

रात्रपाळी:

दोघांचेही आभार. आता व्यवहाराचा प्रश्न: टीव्हीवर पाहण्यासाठी या फाइली पुन्हा एन्कोड कराव्यात का?

चौकट_२४:

शक्यतो करू नयेत. आजच्या कोणत्याही बऱ्या लॅपटॉपचा प्रोसेसर १०८०पी हाय १० हार्डवेअरच्या मदतीवाचून सहज उलगडतो, तेव्हा एचडीएमआयची तार जोडून एमपीव्ही किंवा व्हीएलसी या प्लेअरमध्ये पाहणे सर्वांत सोपे. सबटायटलही मूळ मांडणीत दिसतील. त्या एएसएस या मांडणीसह साठवण्याच्या स्वरूपात असतात, पाट्यांवरचा मजकूर नेमक्या जागी आणि नेमक्या फॉण्टमध्ये बसवलेला असतो आणि ते फॉण्ट एमकेव्हीतच जोडलेले असतात. बहुतेक टीव्ही हे सारे दुर्लक्षून सगळा मजकूर तळाशी एकाच साच्यात दाखवतात.

एन्कोड करायचेच असेल, तर टीव्ही मेन १० चालवतो का ते आधी पाहावे. चालवत असल्यास एचईव्हीसी १० बिट घ्यावे, नसल्यास एच.२६४ ८ बिट, ॲनिमेशनची ट्यूनिंग आणि सीआरएफ (दर्जाचा आकडा; लहान तितका दर्जा चांगला) १६ ते १८, म्हणजे डिदर पुसला जाणार नाही. फाइल मोठी होईल, त्याला इलाज नाही. टीव्हीवर सबटायटल नीट दिसायच्या असतील तर त्या चित्रातच भाजाव्या लागतील, म्हणून मूळ प्रत पुसू नये. आणि एक गोष्ट तपासावी: काही गट शीर्षकगीत प्रत्येक भागात न देता वेगळ्या एमकेव्ही फाइलीत ठेवत आणि ऑर्डर्ड चॅप्टर्सने, म्हणजे कोणता तुकडा कुठून घ्यायचा हे प्लेअरला सांगणाऱ्या एमकेव्हीतल्या नोंदींनी, ते पाहताना जोडून घेत. अशी फाइल एफएफएमपेग या एन्कोड करण्याच्या साधनात सरळ घातली, तर गीत गायब होते आणि भाग दीड मिनिटाने लहान निघतो. संपूर्ण मालिका रांगेत लावण्याआधी एक भाग करून त्याची लांबी प्लेअरमधल्या मूळ लांबीशी ताडून घ्यावी.