मदत हवी आहे: अंकोर वाट आणि नॉम पेन्हचं संग्रहालय, आईच्या गुडघ्यांना झेपेल असं कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी आईला घेऊन कंबोडियाला जायचं ठरतंय. आम्ही दोघीच. आई ७२ वर्षांची. उजवा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर अर्धा तास चालते, मग दहा मिनिटं टेकावंच लागतं. पायऱ्या कशाबशा चढते, उतरताना मात्र हात द्यावा लागतो. तिचं माहेर वेरूळजवळच्या कन्नड गावचं, त्यामुळे वेरूळ लहानपणापासून पाहिलेलं. रामायण-महाभारतातली कुठलीही कथा अर्ध्यातून विचारा, ती पुढची सांगते.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढं खोदून का विचारतेय ते कळेल. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका सहल कंपनीबरोबर जावाला गेलो होतो. प्रंबाननच्या शिवमंदिरात कठड्याच्या आतल्या बाजूने रामायण कोरलंय. प्रदक्षिणा घालत वाचत जायचं. आई एकेका शिळेपुढे थांबत होती. वानर समुद्रात दगड टाकतात आणि खाली मासे ते दगड तोंडात धरतात, त्या शिळेपाशी आली आणि मला एकेक मासा बोटाने दाखवायला लागली. शिवमंदिरावरची कथा सेतूपाशी संपते. पुढची लंका शेजारच्या ब्रह्माच्या मंदिरावर आहे, तिथे पुन्हा पायऱ्या. आणि आमची बस सुटायची वेळ झाली. सगळ्या प्रंबाननला मिळून पाऊण तास दिला होता! आई तेव्हा काही बोलली नाही. रात्री हॉटेलवर गुडघ्याला तेल लावताना एवढंच म्हणाली, "लंका राहिलीच गं."

ते मला अजून लागून राहिलंय. म्हणून या वेळी कंपनी नाही, आपलं आपण.

आता खरी अडचण. अंकोर वाटच्या खालच्या ओवरीत चारी बाजूंनी कोरीव भिंती आहेत, सगळी फेरी मिळून जवळजवळ ८०० मीटर. देऊळ पश्चिमाभिमुख. पश्चिमेच्या दाराने आत गेलं की उजव्या हाताला कुरुक्षेत्र, शरपंजरी भीष्मासकट. डाव्या हाताला लंकेचं युद्ध. पण भिंती क्रमाने बघायच्या तर उजवीकडून सुरुवात करून उलटी प्रदक्षिणा करावी लागते. म्हणजे कुरुक्षेत्र, दक्षिणेला सूर्यवर्मन राजाची मिरवणूक, यम-चित्रगुप्त आणि नरक, पूर्वेला समुद्रमंथन, मग उत्तरेची बाजू आणि अगदी शेवटी लंका! इतकं चालून गुडघा भरून आला तर पुन्हा लंकाच राहायची. उलट्या प्रदक्षिणेचं आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "प्रदक्षिणा नाही म्हणायचं, कथा ऐकायला गेलो म्हणायचं." तिची तयारी आहे.

माझ्या मनात असं आहे की पहिल्या दिवशी सकाळी फक्त पश्चिमेची ओवरी, तीही डावीकडून. म्हणजे आधी लंका, हनुमानाच्या खांद्यावर उभा राहिलेला राम, मग बसून पाणी-बिणी पिऊन कुरुक्षेत्र. समुद्रमंथन दुसऱ्या दिवशी, पूर्वेच्या बाजूने येऊन. ईशान्य कोपऱ्यातल्या भिंती १६ व्या शतकात कोरलेल्या आहेत आणि काम कमी प्रतीचं आहे, त्या सोडायला हरकत वाटत नाही. वरच्या मजल्याचा उभा जिना तर सोडूनच दिलाय. पूर्वेकडून गाडी किती जवळ जाते? तिकडून ओवरीत शिरायला पायऱ्या किती, कठडा आहे का? पश्चिमेकडून खंदकावरचा पूल आणि पुढची लांब फरसबंदी वाट आईला एका दमात होणार नाही. घडीचं स्टूल आत नेऊ देतात का? ओवरीत बसायला काही आहे का, की खांबाच्या जोत्यावरच टेकायचं?

पास ३७ डॉलरचा एका दिवसाचा किंवा ६२ चा तीन दिवसांचा आहे. तीन दिवसांचा १० दिवसांत कधीही वापरता येतो, म्हणजे मध्ये एक दिवस आराम. तोच घ्यावा असं वाटतंय. तिसरा दिवस बांतेय स्रेईला. इ. स. ९६७ चं, लालसर दगडाचं छोटंसं देऊळ, अंकोरजवळच्या सियाम रीप शहरापासून साधारण ३७ किलोमीटर. तिथे कैलास हलवणारा रावण आहे. वेरूळचा रावण बघत वाढलेल्या आईला हा दाखवायचाच आहे. टुकटुकने एवढं अंतर तिच्या पाठीला सोसेल का, की गाडीच करावी?

दुसरा मोठा प्रश्न नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा. को केर या जुन्या राजधानीतल्या प्रासात चेन देवळात दहाव्या शतकात भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध पुतळ्यांनी उभं केलं होतं, बलराम आणि पांडव बघताहेत असं. १९७० च्या सुमारास चोरांनी ते घोट्याशी तोडून नेले, पावलं तिथेच जोत्यावर राहिली. दुर्योधन २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात निघाला आणि त्या पावलांवरून त्याची ओळख पटली. २०१४ मध्ये दुर्योधन, भीम आणि बलराम तिघे मायदेशी परत आले. हे आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मांडी फुटायची ती फुटली, पायही गेले त्याचे." तिला ते पुतळे प्रत्यक्ष बघायचे आहेत.

तर सध्या ते एकत्र मांडलेत का, कुठल्या दालनात? संग्रहालय आधी करावं की देवळं? देवळं आधी केली तर पाय थकलेले असतील. संग्रहालय आधी केलं तर नॉम पेन्हहून सियाम रीपचा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा बसप्रवास गुडघा वाकवून करावा लागेल आणि दुसऱ्या दिवशी लगेच अंकोर. मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा का? वयस्कर माणसांना घेऊन हा रस्ता कोणी केला असेल, तर वाटेत बस कितीदा थांबते तेवढं सांगा.

आईला इंग्रजी येत नाही. हिंदी बोलणारा वाटाड्या मिळाला तर फार बरं, नाहीतर मी आहेच. मात्र आम्ही एका भिंतीपुढे तासभर बसलो तरी घाई न करणारा हवा. असा कोणी तुमच्या अनुभवात असेल, तर कुठे आणि कसा शोधलात ते लिहा. आई शाकाहारी आहे आणि तिकडे माशाचा रस बऱ्याच पदार्थांत पडतो, त्यामुळे दशम्या आणि मेतकूट नेतेच आहे. तिथे साधा भात-दही कुठे मिळालं असेल, तर तेही कळवा.

तिकिटं पुढच्या आठवड्यात काढायची आहेत. नॉम पेन्हला उतरायचं की सियाम रीपला, एवढं तरी त्याआधी ठरवायला हवं.