एका वाक्याचा मर्सिए
कुणीतरी विचारलं, 'समीक्षक कुणाच्या लक्षात राहतो?' आयरिश समीक्षक व्हिव्हियन मर्सिए राहिला, पण एका वाक्यापुरता. सॅम्युएल बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो' या नाटकावर १९५६ साली 'आयरिश टाइम्स'मध्ये त्याने लिहिलं: या नाटकात काहीच घडत नाही, तेही दोनदा! दुसरा अंक म्हणजे पहिल्याचीच किंचित बदललेली आवृत्ती, हे त्याने असं चिमटीत पकडलं. गंमत म्हणजे तो बेकेटच्याच पोर्टोरा शाळेचा आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा विद्यार्थी. पुढे अमेरिकेत प्राध्यापकी केली. माझ्या मते त्याचं खरं काम १९६२चं 'द आयरिश कॉमिक ट्रॅडिशन'. जुन्या गेलिक, म्हणजे आयरिश भाषेतल्या साहित्यातला विनोद थेट जेम्स जॉइस-बेकेटपर्यंत कसा झिरपत आला, ते त्यात आहे. ते मात्र फारसं कुणी उघडत नाही.